मटणाची लाल कड

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याला मेंढपाळांचं गाव होतं, चाळीस उंबऱ्यांचं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमची बदनामी केली. आणि खरं सांगू का? ती करायलाच हवी. पण ही वागणूक त्या एकाच गावाची आहे असंही नाही, म्हणून नाव राहू द्या.

या गावात ठकूबाई नावाची एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. घरात एक चूल, दोन मेंढ्या आणि अंगणात एक भट्टी. ही भट्टी तिच्या सासूच्या सासूने बांधली होती म्हणे. कमरेएवढी उंच मातीची कोठी, तिच्यावर मातीचंच जाड झाकण. विस्तवाचा खड्डा मात्र कोठीखाली नव्हता, चार हात लांब होता, आणि खड्ड्यापासून कोठीपर्यंत जमिनीखालून एक बोळ काढलेला होता. त्यामुळे कोठीत टांगलेल्या मटणाला जाळ कधी दिसायचाच नाही. त्याच्यापर्यंत पोचायची ती नुसती ऊब आणि धूर.

दरवर्षी देवाच्या जत्रेला या भट्टीत मेंढ्याच्या मांड्या धुरावर शिजायच्या. आदल्या दिवशी ठकूबाई त्यांना मीठ, मिरी आणि ठेचलेला लसूण चोळून ठेवायची. पहाटे विस्तव घालायची. लाकूड आंब्याचं, तेही दोन उन्हाळे वाळलेलं. बाभळीला ती हात लावायची नाही, बाभळीचा जाळ फार रागीट. सुरुवातीचा पांढरा दाट धूर ती तसाच उडून जाऊ द्यायची, कारण त्या धुरात मटण टांगलं तर ते कडू होतं. धूर निळसर आणि बारीक झाला की मांड्या आत, झाकण वर, आणि झाकणाच्या फटी चिखलाने लिंपून बंद. मग दिवस कलेपर्यंत ती भट्टीपाशी बसून असायची. झाकण उघडून बघणं नाही. कोठीच्या भिंतीवर तळहात ठेवायचा आणि सावकाश दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत चटका बसला तर विस्तव जास्त झाला, बसलाच नाही तर कमी पडला. तिचं मोजमाप एवढंच.

संध्याकाळी झाकण निघालं की मांडीवर काळी खपली धरलेली असायची. सुरी लावली की खपलीच्या खाली अर्ध्या बोटाएवढी लाल कड दिसायची, आणि त्या कडेच्या आत पार हाडापर्यंत मऊ शिजलेलं मटण. हाड धरून ओढलं तर सुरीशिवाय सुटून हातात यायचं. त्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की कच्चं मटण लाल असतं ते आत, हाडापाशी. ही कड असते बाहेरून, खपलीला लागून. ती धुराने येते. कड जेवढी रुंद तेवढा धूर मुरलेला. जत्रेला लोक ताटातला तुकडा उलटून आधी कड बघायचे आणि मगच तोंडात घालायचे.

ठकूबाईला या कामाचं कुणी काही देत नव्हतं आणि तिला काही नकोही होतं. वर्षभर तिच्या दाराशी फारसं कुणी फिरकायचं नाही. पण जत्रेच्या दिवशी चाळीसच्या चाळीस घरं तिच्या अंगणात पानं मांडून बसायची. त्या दिवशी ती कुणाची आजी असायची, कुणाची काकू, कुणाची वहिनी. तिच्याजवळ तिचं म्हणावं असं एवढंच होतं, ती भट्टी आणि तो एक दिवस.

तर एका वर्षी असं झालं. डोंगरावरच्या चराऊ रानावरून या गावाचं शेजारच्या गावाशी भांडण जुंपलं. ते म्हणत रान आमचं, हे म्हणत आमचं. निवाडा करायला सुभेदार येणार होता, आणि यायचा तो नेमका जत्रेच्या दिवशी. त्या दिवशी मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांच्या साक्षी ऐकायच्या, असं ठरलं.

गावच्या कारभाऱ्याची पाचावर धारण बसली. तो घरोघर फिरला आणि प्रत्येकाला बजावून आला, "साहेबांपुढे उलट शब्द काढायचा नाही. ते म्हणतील त्याला मान डोलवायची. रान हवंय ना?"

रान कुणाला नको होतं? सगळ्यांनी तिथल्या तिथे माना डोलवून दाखवल्या.

जत्रेच्या दिवशी दुपार टळली तेव्हा सुभेदार आला. कारभाऱ्याने त्याला वाजतगाजत ठकूबाईच्या अंगणात आणून पाटावर बसवलं. मानाचं पहिलं ताट पाहुण्याचं, ही गावची रीत. पाहुण्याने पहिला घास घेतला की मग सगळ्यांनी जेवायचं.

ठकूबाईने झाकणाचा चिखल फोडला आणि झाकण उचललं. वास असा सुटला की अंगणातली कलकल एकदम थांबली. तिचा दीर भागोजी भट्टीपाशीच उभा होता. तो डोळे मिटून म्हणाला, "वहिनी, यंदा तर आईच्याही वरताण केलंस." त्याच्या घरात नुकतीच सून आली होती, हौसा नावाची, लांबच्या गावची. तिने असलं मटण उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ठकूबाईने मांडी कापता कापता खपलीचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा पोरी. या घरातला पहिला घास माझ्या हातचा." हौसाने पदराआड खाल्ला आणि तिचे डोळेच मोठे झाले.

मग ठकूबाईने चांगला जाड काप काढला आणि सुभेदाराच्या ताटात ठेवला.

सुभेदार लांबच्या मुलखातला. त्याच्याकडे मटणाचा रस्सा करत. त्याने काप उचलला, उलटा केला, ती लाल कड पाहिली आणि भुवया वर चढवून म्हणाला, "हे लाल दिसतंय. कच्चं आहे का हो?"

हे नीट ऐकून ठेवा. त्याने विचारलं. कच्चं आहे असं तो म्हणाला नाही, ओरडला नाही, ताट सरकवलं नाही. ज्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसते त्याने जसं विचारावं तसंच त्याने विचारलं.

ठकूबाईला हसूच आलं. तिला वाटलं, आता चाळीस घरं एका सुरात बोलतील आणि बिचाऱ्या साहेबाला पुरतं भंडावून सोडतील. कुणी कडेची गोष्ट सांगेल, कुणी धुराची, कुणी हाड ओढून दाखवेल. पण तिने तोंड उघडायच्या आत कारभारी पुढे धावला.

"कच्चंच आहे सरकार!" तो हात जोडून म्हणाला. "माफी असावी. म्हातारीचे डोळे गेलेत आता. आत्ता जाळावर चांगलं भाजून आणतो."

ठकूबाईचा आपल्या कानांवर विश्वासच बसेना. हाच कारभारी लहान असताना याच अंगणात कडेसाठी रडला होता. मोठ्या भावाच्या तुकड्याची कड जास्त रुंद आली म्हणून जमिनीवर लोळला होता!

"कच्चं कुठे आहे, कारभारी?" ती म्हणाली. "सरकार, ती धुराची कड आहे. हे बघा, हाड ओढते म्हणजे कळेल." आणि तिने परातीतल्या मांडीच्या हाडाला हात घातला.

कारभाऱ्याने तिचा हात मनगटाला धरून बाजूला केला. "पाहुण्यांनी घास घेण्याआधी परातीत हात घालतेस? रीतभात काही आहे की नाही?"

आता रीत आठवली बघा त्याला!

ठकूबाई लोकांकडे वळली. "अरे, सांगा की! तुम्ही का गप्प? दरवर्षी खाता ना? कच्चं आहे का हे?"

अंगणात शंभरावर माणसं होती. एकानेही वर पाहिलं नाही. कुणाला अचानक पागोटं नीट करायचं सुचलं, तर कुणी रडत नसलेलं मूल थोपटायला लागलं. दोघातिघांनी कारभाऱ्याकडे बघून बजावल्याप्रमाणे माना डोलवल्या. ठकूबाईने भागोजीकडे पाहिलं. हा तिचा सख्खा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा आठ वर्षांचा होता, तिच्या मांडीवर बसून जेवलेला. आत्ता, घटकाभरापूर्वी वरताण केलंस म्हणाला होता!

"भागोजी भावजी," ती म्हणाली, "तुम्ही तरी बोला."

भागोजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. त्याच्या मेंढ्या कारभाऱ्याच्या विहिरीवर पाणी प्यायच्या.

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि का जाऊ नये? शत्रूने खोटं बोलावं, त्याचं वाईट वाटत नाही. पण ज्यांच्या दाढांत अजून गेल्या वर्षीची चव आहे त्यांनी मिठाची गुळणी धरून बसावं?

कारभारी तिच्या कानाशी वाकला. आवाज एकदम गोड. "ठकूबाई, हट्ट कशाला? एवढंच म्हण, की चूक झाली, कच्चं राहिलं. एक वाक्य. साहेब खूश, गावाला रान मिळेल, आणि तुझी भट्टी तुझ्याच अंगणात राहील. नाहीतर आजपासून ती बंद समज. पुढची जत्रा माझ्या अंगणात."

ठकूबाईने भट्टीकडे पाहिलं. भट्टी बंद म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? तिला पुढच्या वर्षीचं अंगण दिसलं, झाडून सारवून ठेवलेलं आणि रिकामं. एकच वाक्य तर म्हणायचं होतं. दिवसभर धुरात बसून तिचे डोळे चुरचुरत होते, कंबर धरली होती. म्हणून टाकलं असतं तर कुणी तिला दोष दिला नसता.

पण तिच्यासमोर परातीत ती मांडी होती. दिवसभर तळहात भाजून घेऊन तिने ती शिजवली होती, आणि ती शिजली होती. आता शिजली नाही असं म्हणायचं कसं?

"कच्चं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही भट्टी बंद करा, मला गावाबाहेर काढा. पण हे कच्चं नाही."

कारभाऱ्याने सगळ्यांदेखत भट्टीचं झाकण लाथेने उलथवलं. त्याचे तीन तुकडे झाले. मग त्याने चार माणसांना हुकूम सोडला. त्यांनी अंगणाच्या मधोमध बाभळीची लाकडं रचली, कमरेएवढा जाळ केला, आणि परातीतल्या सगळ्या मांड्या त्याच्यावर चढवल्या. सुभेदार म्हणाला, "अहो, एवढं कशाला? मी नुसतं विचारलं..." पण त्याचं ऐकतंय कोण? साहेबाची सेवा करण्यात सगळे इतके गुंतले होते, की साहेब काय बोलतोय तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मांड्या जळत राहिल्या. चरबी पेटली, खपलीचा कोळसा झाला. "अजून आत लाल आहे," असं म्हणत कारभारी लाकडं वाढवत राहिला. लाल कड जाळाने जात नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण एकदा खोटं बोललं की ते निभवायला लागतं, मग त्यात पूर्ण मेंढा जळाला तरी चालेल.

सुभेदाराच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. वाट बघून बघून तो कंटाळला. त्याच्या ताटात तो पहिला काप तसाच पडून होता, उचलायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. वास तर येत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कडेचा एवढासा तुकडा मोडून तोंडात टाकला. थांबला. मग आणखी एक तोडला. मग सगळा काप खाल्ला आणि बोटंही चाटली.

एवढ्यात कारभारी जाळावरची मांडी परातीत घालून मिरवत आला. "घ्या सरकार, आता शिजलं!" सुरी लागेना. दोघांनी धरून तिसऱ्याने कापली. सुभेदाराने एक तुकडा चावला, चावत राहिला, आणि शेवटी हळूच बाजूला काढून ठेवला. जुन्या वहाणेचा तळवा बरा, असं ते झालं होतं.

"आधीचं शिजलेलं होतं," सुभेदार म्हणाला. "इतकं मऊ मटण मी कधी खाल्लं नाही. बाई, चूक माझी. मला ठाऊक नव्हतं." मग त्याने अंगणावरून नजर फिरवली. "पण तुम्हाला ठाऊक होतं ना?"

पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "हुकूम केला नव्हता. शंभर माणसांतून एकाने सांगितलं असतं तर मी दोन घास सुखाने खाल्ले असते. त्या बाईंनी सांगितलं तर तुम्ही त्यांनाच खोटं पाडलंत. उद्या सकाळी मी तुम्हाला विचारणार, रानाची हद्द कोणती, खूण कुठली. तुमच्या उत्तरावर भरवसा कसा ठेवू? जिभेवरची चव खरी सांगता येत नाही तुम्हाला, हद्दीचा दगड खरा कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने या गावाची एकही साक्ष घेतली नाही. रान मधोमध तोडलं, निम्मं इकडे आणि निम्मं तिकडे, आणि घोड्यावर बसून निघून गेला. भट्टीचं काय करायचं ते त्याने गावावर सोडलं. म्हणाला, "ती तुमची आहे. मी काय सांगणार?"

आता तुम्हाला वाटेल, गावाला लाज वाटली असेल. हात जोडून सगळे ठकूबाईच्या दारी गेले असतील. छे! गेले नाहीत. गावाने काय केलं ठाऊक आहे? निम्मं रान गेल्याचा ठपका तिच्यावरच ठेवला. "तिने तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तर साहेबाला राग आला नसता," कारभारी चावडीवर म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याची री ओढली. जाळ केला कुणी? खोटं बोललं कोण? पण गुन्हेगार ठरली ती एकटी खरं बोलणारी.

आणि त्यानंतर जे घडलं त्याचा तर मला जास्तच राग येतो. चावडीवर तिला नावं ठेवणारे तेच लोक एकेक करून मागच्या दाराने ठकूबाईकडे यायला लागले. हळू आवाजात, इकडेतिकडे बघत. "ठकूकाकू, आम्हाला ठाऊक होतं बरं का. मटण शिजलेलंच होतं."

पहिल्या दोघांकडे तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्याला मात्र ती फाडकन बोलली, "ठाऊक होतं, हे सांगायला आलास? अरे, ठाऊक नसतं तर मी तुला माफ केलं असतं! त्या साहेबाला ठाऊक नव्हतं, त्याने विचारलं, कळल्यावर सगळ्यांसमोर चूक कबूल केली. तुला ठाऊक होतं आणि तू पागोटं नीट करत बसलास. इथे माझ्या मागच्या दारात तुझ्या खऱ्याचा मला काय उपयोग? जा, चावडीवर जाऊन बोल."

तो गेला, पण चावडीवर नाही, घरी गेला.

भागोजीही आला. "वहिनी," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला.

"रडू नका, भावजी," ठकूबाई म्हणाली. "तुम्ही माझं झाकण फोडलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. पण मी तुमचं नाव घेऊन हाक मारली आणि तुम्ही माती उकरत राहिलात."

वर्ष गेलं. मधे कारभाऱ्याने आपल्या अंगणात एक मोठी भट्टी बांधून पाहिली. विस्तव थेट मटणाखाली, बाभळीचा. कधी आत कच्चं आणि बाहेर कोळसा, कधी धुराने इतकं कडू की कुत्र्यांनी हुंगून सोडून दिलं. जत्रा जवळ आली तशी गावात कुजबुज वाढली. शेवटी कारभाऱ्याने भागोजीच्या हाती निरोप धाडला, की झालं गेलं विसरून जा, नवं झाकण घडव, यंदा तुझीच भट्टी पेटव.

ठकूबाईने निरोप ऐकला. तिला भट्टी हवी होती. रोज ती त्या थंडगार कोठीवर हात ठेवायची आणि उगाच दहापर्यंत मोजायची. शेवटी ती म्हणाली, "पेटवते. पण एक अट आहे. जत्रेच्या सकाळी चाळीस घरांतलं एकेक माणूस माझ्या अंगणात यायला हवं. मी एकच विचारीन, गेल्या वर्षीचं मटण कच्चं होतं का? कारभाऱ्यासमोर उत्तर द्यायचं. खरं असेल ते. मग विस्तव घालीन."

"एवढंच ना?" सगळे म्हणाले. "त्यात काय मोठं!"

जत्रेच्या सकाळी अंगण भरलं. ठकूबाईने नवं झाकण घडवून वाळवून ठेवलं होतं. आंब्याची लाकडं रचून ठेवली होती, मांड्यांना मीठमसाला लावून झाला होता. कारभारी मधोमध पाटावर बसला होता, मिशीवर हात ठेवून. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

ठकूबाईने भागोजीपासूनच सुरुवात केली. "भावजी, गेल्या वर्षीचं मटण कच्चं होतं का?"

भागोजीने तोंड उघडलं. मग त्याने कारभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, आता ते जुनं कशाला उकरायचं?"

तिने दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी त्या दिवशी जरा मागे बसलो होतो." तिसऱ्याला आठवत नव्हतं. चौथा म्हणाला, कच्चंही नव्हतं आणि शिजलेलंही नव्हतं. हे ऐकून तर मला त्याचे कान उपटावेसे वाटतात! ठकूबाई एकेकापुढे जात राहिली, विचारत राहिली. तिचा आवाज आधी रागाचा होता, मग दुखावलेला झाला, मग नुसता कोरडा. साहेब नव्हता, निवाडा होऊन गेला होता, रान जायचं तेवढं गेलं होतं. भ्यायला आता कारणसुद्धा उरलं नव्हतं, नुसती सवय उरली होती.

सगळ्यांना विचारून झालं. ती लाकडांपाशी परत आली आणि रचलेली लाकडं उचलू लागली.

"शिजलेलं होतं."

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. भागोजीची सून, हौसा. तिला कुणी विचारलंही नव्हतं, तिच्या घराचं उत्तर तिच्या सासऱ्याने देऊन टाकलं होतं. ती पुढे आली. "थोरल्या आत्याबाई, मी त्या दिवशी तुमच्या हातून खाल्लं होतं. शिजलेलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गप्प राहिले, त्याची मला वर्षभर लाज वाटतेय."

कारभारी ताडकन उठला. "भागोजी! सुनेला आवर!"

सगळ्यांनी भागोजीकडे पाहिलं. आता तरी? आता तर पोटच्या पोरासारखी सून उभी होती समोर.

भागोजी म्हणाला, "हौसा, घरी चल."

हौसा जागची हलली नाही.

ठकूबाईने लाकडं खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "भट्टी पेटेल," ती म्हणाली, "पण जत्रेसाठी नाही. एकच मांडी आत टांगीन, मला आणि हिला पुरेल एवढी. आणि हिला शिकवीन. बाकीच्यांनी आपापल्या घरी जाऊन रस्सा करावा. कुणाला यायचंच असेल तर माझं दार उघडं आहे. दारात उभं राहून एवढंच म्हणायचं, शिजलेलं होतं. जो म्हणेल त्याला काप मिळेल, आज म्हणा किंवा दहा वर्षांनी म्हणा."

दिवसभर निळसर धूर गावावर फिरत राहिला. चाळीस घरांत रस्सा शिजत होता आणि कुणाचंही चुलीकडे लक्ष नव्हतं. ठकूबाईने हौसाचा तळहात कोठीवर ठेवून घेतला आणि तिला मोजायला लावलं. पोरीने पहिल्यांदा सातावरच हात मागे घेतला. "विस्तव जास्त झाला," ठकूबाई म्हणाली, "एक लाकूड मागे ओढ."

ऊन उतरताना झाकण निघालं. लाल कड चांगली रुंद धरली होती. आणि तेवढ्यात दारात भागोजी येऊन उभा राहिला.

ठकूबाईचा जीव सुपाएवढा झाला. कधी नव्हे ती घाईने तिने सर्वांत चांगला काप काढला, द्रोणात घातला आणि द्रोण हातात धरून दारापर्यंत गेली. "बोला भावजी," ती म्हणाली. "म्हणून टाका."

भागोजीने कापाकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं तिला दिसलं. त्याचे ओठ हलले. रस्त्याने कारभारी दोन माणसांबरोबर बोलत चालला होता. भागोजीने मान वळवून तिकडे पाहिलं.

"हौसाला बोलवायला आलो होतो," तो म्हणाला, आणि तिला न घेताच निघून गेला.

ठकूबाई द्रोण हातात धरून तशीच उभी राहिली. कापातली ऊब गेली तेव्हा ती आत आली.

तात्पर्य काय, असं अजून विचारताय? मग ऐका. ज्याला ठाऊक नसतं तो चूक करतो, आणि सांगितलं की सुधारतो. पण ज्यांना ठाऊक असतं ते गप्प बसले, की खरं बोलणारा एकटा पडतो. आणि एकदा गप्प बसलेल्याला पुढच्या वेळी तोंड उघडणं आणखी जड जातं.